आठवा प्रश्न

प्रति,
प्रोस्टेटचे रुग्ण तपासणारे सर्व मूत्ररोगतज्ज्ञ आणि त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी तुमच्यापैकी एकाने माझं प्रोस्टेटचं दुर्बिणीचं ऑपरेशन केलं. ऑपरेशन उत्तम झालं, हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो. रात्री चारदा उठणारा मी आता एकदा उठतो, कधी तेवढंही नाही. प्रवासाला निघताना आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते शोधत नाही. त्या डॉक्टरांच्या हाताबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांनी न उच्चारलेल्या दोन-तीन वाक्यांबद्दल.

तरीही मी गप्पच बसणार होतो. या विषयावर चारचौघांत बोलायची आम्हा पुरुषांना सवय नसते, त्यात मी आयुष्यभर वर्गात भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस. पण गेल्या महिन्यात धाकट्या भावाची फाइल माझ्या हातात आली. वय ५६. लघवीची धार बारीक, थांबून थांबून होते, झाली तरी झाल्यासारखं वाटत नाही. तो एका डॉक्टरांकडे गेला. पाच मिनिटांत सांगून झालं: गोळ्या घ्या, नाही जमलं तर दुर्बिणीने काढून टाकू. मला सांगितलं होतं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. मग तो दुसरीकडे गेला. तिथे त्याला गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक मिळालं: चीरफाड नाही, वाफेने उपचार, त्याच दिवशी घरी. तारीखही देऊ केली. एकाने कमी सांगितलं, दुसऱ्याने गोड सांगितलं. खरं काय ते माझ्या भावाला दोघांकडूनही कळलं नाही. म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते उघड.

पहिली गोष्ट मोजमापाची. माझा धंदाच मोजमापाचा होता, त्यामुळे हे मला जास्त बोचतं. १९९२ मध्ये अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने सात प्रश्नांची एक यादी तयार केली. मूत्राशय पूर्ण रिकामं होतं का, किती वेळाने जावं लागतं, धार तुटते का, दम धरवतो का, धारेचा जोर, कुंथावं लागतं का, रात्री किती वेळा उठता. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीसपासून पुढे तीव्र. यादी भरायला पाच मिनिटं पुरतात, आणि वेटिंग रूममध्ये आम्ही तासभर बसलेलेच असतो. पुढे ही यादी जगभर वापरात आली तेव्हा तिला आठवा प्रश्न जोडला गेला: तुमचा लघवीचा त्रास आज आहे तसाच जन्मभर राहिला, तर तुम्हाला कसं वाटेल?

डॉक्टर, या आठव्या प्रश्नावर मी खूप विचार केला आहे. बाकीचे सात प्रश्न लघवीबद्दल आहेत, हा एकच माणसाबद्दल आहे. एकोणीस गुणांचा एखादा म्हणेल, चालतंय माझं. दहा गुणांचा दुसरा म्हणेल, जीव नकोसा झालाय. उपचार करायचा की नाही आणि केला तर कोणता, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे असतं. मला तो प्रश्न कुणी विचारला नाही. भावालाही नाही. आम्हा दोघांना फक्त प्रोस्टेट ग्रंथीचे ग्रॅम सांगितले गेले. माझे ५२, त्याचे ४८.

ग्रॅमचं हे प्रकरण मला आजवर उलगडलेलं नाही. तरुणपणी वीस-पंचवीस ग्रॅमची ही ग्रंथी साठीपर्यंत निम्म्याअधिक पुरुषांत वाढू लागलेली असते, ऐंशीनंतर बहुतेकांत. पण त्रास सगळ्यांना होत नाही. चाळीस ग्रॅमवाल्याची लघवी तुंबते आणि नव्वद ग्रॅमवाला रात्रभर निवांत झोपतो, हे तुम्हालाच आमच्याहून चांगलं ठाऊक आहे. ग्रंथी वाढते कुठे, मधला भाग मूत्राशयाच्या तोंडात घुसलाय का, मूत्राशयाच्या स्नायूत जोर उरलाय का, यावर सगळं अवलंबून. यंत्रात लघवी करायला लावून धारेचा वेग मोजणं, नंतर आत किती उरली ते सोनोग्राफीत पाहणं, यात सुई नाही की भूल नाही. (आणि मोजणीच्या वेळी निदान दीडशे मिलिलिटर लघवी व्हायला हवी, नाहीतर आकडा फसवा निघतो, हेही रुग्णाला सांगा. मी संकोचाने चमचाभर करून आलो होतो आणि त्याच आकड्यावर पुढचं सगळं ठरलं.)

दुसरी गोष्ट पर्यायांची. ती जरा लांबणार आहे, कारण लपवलेलं हेच सगळ्यांत जास्त आहे.

मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी रिसेक्टोस्कोप पुढे आणला तो १९२६ मध्ये. त्याच वंशातल्या उपकरणाने माझी ग्रंथी आतून खरवडली गेली. जुनं आहे म्हणून ते वाईट ठरत नाही. इतर उपचारांची तुलना आजही त्याच्याशीच होते. पण या शंभर वर्षांत दुसरं काही निघालंच नाही, अशा थाटात मला सांगितलं गेलं. ऑपरेशननंतर मी वाचायला बसलो आणि चकित झालो.

वाफेचंच घ्या. बाष्पनाचा विशिष्ट अप्रकट उष्मा ५४० कॅलरी प्रति ग्रॅम, हे मी तीसेक वर्षं फळ्यावर लिहीत आलो. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त का बसतो, हा परीक्षेतला माझा आवडता प्रश्न. रेझूम नावाचा उपचार नेमका यावरच उभा आहे: मूत्रमार्गातून आत गेलेल्या बारीक सुईतून साधारण १०३ अंश सेल्सियसची वाफ नऊ-नऊ सेकंद ग्रंथीत सोडतात. वाफ पेशींमधल्या फटींतून पसरते, तिचं पाणी होताना उष्मा बाहेर पडतो, पेशी मरतात आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीर त्या शोषून घेतं. अमेरिकेत याला २०१५ मध्ये परवानगी मिळाली. माझं ऑपरेशन त्याच्या कितीतरी नंतरचं. अख्खी हयात ज्या धड्यावर काढली, तो माझ्याच शरीरात लागू पडू शकतो हे मला ऑपरेशन उरकल्यावर समजावं, याला काय म्हणायचं?

युरोलिफ्टमध्ये ग्रंथीचा कणभरही भाग काढत नाहीत की जाळत नाहीत. पडदे बाजूला सारून दोरीने बांधावेत तसे ग्रंथीचे दोन्ही भाग बारीक टाक्यांनी आवळून मधली वाट मोकळी करतात. टाक्याचं एक टोक नायटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, दुसरं पोलादाचं, आणि टाके कायम आत राहतात. याला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. आय-टिंडमध्ये नायटिनॉलचीच एक छोटी चौकट पाच ते सात दिवस आत ठेवतात, ती हळूहळू उघडत मूत्राशयाच्या तोंडाशी वाट पाडते आणि मग काढून घेतली जाते. एम्बोलायझेशन तर मूत्रमार्गाला हातच लावत नाही: मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून तारेएवढी नळी प्रोस्टेटच्या धमनीपर्यंत नेऊन सूक्ष्म कण सोडतात, रक्तपुरवठा घटतो आणि ग्रंथी आक्रसते. साओ पाउलोच्या फ्रान्सिस्को कार्नेव्हाले यांनी याचे आपले पहिले दोन रुग्ण २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडले. हे काम मूत्ररोगतज्ज्ञ करत नाही, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत बारीक नळीने उपचार करणारा तज्ज्ञ करतो. तुमच्या तोंडून त्याचं नाव का निघत नाही याचा अंदाज मला आहे, पण तो इथे लिहीत नाही.

याशिवाय पाण्याच्या झोताने ग्रंथी कोरणारं अ‍ॅक्वाब्लेशन, आणि होल्मियम लेझरने संत्र्याचा गर सालीपासून सोडवावा तशी आतली गाठ सोडवणारं होलेप. ही दोन्ही पुरेपूर ऑपरेशनंच आहेत, भूल लागते. पण शंभर ग्रॅमच्या पुढच्या ग्रंथीवाल्याने होलेपचं नाव ऐकलेलं असायलाच हवं.

हे सगळं तुम्ही सगळ्यांनी करावं, असं माझं म्हणणं नाही. एकट्या माणसाकडे इतकी यंत्रं असणार नाहीत, असली तरी सगळ्यांत हात बसणार नाही. पण 'माझ्याकडे नाही' आणि 'जगात नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. वर्गातल्या मुलाने अशी गल्लत केली असती तर मी त्याचा अर्धा गुण कापला असता.

तिसरी गोष्ट. लिहू की नको, असं आठवडाभर चाललं होतं. बायकोला विचारलं, ती म्हणाली, लिहा.

ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी आम्ही जवळ आलो. सुख झालं, पण बाहेर काहीच आलं नाही. एक थेंबही नाही. थोड्या वेळाने लघवीला गेलो तर ती गढूळ. मला वाटलं आत काही फाटलं, किंवा त्याहून वाईट काहीतरी असणार. त्या रात्री दोघंही झोपलो नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगितलं, तर ते हसले. म्हणाले, ते होतंच, आणि आता या वयात काय फरक पडतो?

नंतर वाचून कळलं. स्खलनाच्या क्षणी मूत्राशयाचं तोंड मिटतं म्हणून वीर्य पुढे जातं; ऑपरेशनने ते तोंड मोकळं झालं की वीर्य मागे मूत्राशयात जातं आणि लघवीवाटे निघून जातं. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर हे निम्म्याहून अधिक पुरुषांत होतं. अपाय काही नाही. पण मूल हवं असणाऱ्याला फरक पडतो, नव्याने संसार मांडणाऱ्याला पडतो, आणि मला का पडला हे मी कुणाला समजावून देणं लागत नाही. युरोलिफ्टनंतर स्खलन टिकतं, रेझूमनंतर फार थोड्यांचं जातं, अ‍ॅक्वाब्लेशनच्या तुलनात्मक चाचणीत दहातल्या एकाचंच गेलं. होलेपमध्ये बहुतेकांचं जातं. काही गोळ्यांनीही, विशेषतः सिलोडोसिनने, ते बंद होतं. फक्त गोळी थांबवली की परत येतं. म्हणजे निवडायला जागा होती. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय की स्खलन टिकवायची इच्छा असेल आणि ग्रंथी ३० ते ८० सीसी असेल, तर युरोलिफ्ट किंवा वाफेचा उपचार देऊ करता येतो. एक सीसी म्हणजे साधारण एक ग्रॅम, त्यामुळे माझी ग्रंथी त्या मापात बसत होती. इच्छा मात्र कुणी विचारली नाही.

संमतीपत्रावर यासाठीचा 'रेट्रोग्रेड इजॅक्युलेशन' हा शब्द होता, हे मान्य करतो. ऑपरेशनच्या सकाळी, हिरवा गाऊन घालून बसलेला असताना, पेन हातात देऊन जो कागद पुढे केला त्यावर गुंतागुंतींच्या यादीत सातवा की आठवा इंग्रजी शब्द. सही माझीच आहे. त्या शब्दाचा अर्थ मात्र मला माहीत नव्हता.

चौथी गोष्ट त्या गुळगुळीत माहितीपत्रकवाल्यांची. त्यांनी वरचं वाचून खूश होऊ नये.

नवीन उपचार हलका असतो, आणि त्याचा परिणामही बहुतेकदा जरा हलकाच असतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनने लक्षणांचे गुण जितके उतरतात, तितके युरोलिफ्टने किंवा वाफेने सहसा उतरत नाहीत. युरोलिफ्टच्या मुख्य चाचणीत पाच वर्षांत १३.६ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली. वाफेच्या चाचणीत हे प्रमाण ४.४ टक्के होतं, शिवाय ११.१ टक्क्यांना पुन्हा गोळ्या सुरू कराव्या लागल्या. एम्बोलायझेशन आणि दुर्बिणीचं ऑपरेशन यांची तुलना करणाऱ्या स्वित्झर्लंडमधल्या एका चाचणीत, एम्बोलायझेशन झालेल्यांपैकी सुमारे पाचातल्या एकाला दोन वर्षांच्या आत दुर्बिणीचं ऑपरेशन करावंच लागलं. हे आकडे वाईट नाहीत. मला कुणी आधी दाखवले असते तर कदाचित मी हसत हसत तेच निवडलं असतं. पण भावाच्या माहितीपत्रकात यातला एकही नाही.

'त्याच दिवशी घरी' हे खरं, पण नळी आणि पिशवी घेऊन घरी. वाफेनंतर ती काही दिवस, कधी आठवडाभर राहते. सुरुवातीचे आठवडे जळजळ आणि घाई आधीपेक्षा वाढते, पुरता फायदा दिसायला तीन महिने लागू शकतात. हे न सांगता घरी पाठवलेला माणूस चौथ्या दिवशी समजतो की आपण फसलो. शिवाय दुर्बिणीने खरवडलेले तुकडे पॅथॉलॉजिस्टकडे जातात आणि त्यात लपलेला कर्करोग कधीकधी सापडतो. टाके, वाफ, एम्बोलायझेशन यांत तपासायला तुकडाच मिळत नाही. म्हणजे कर्करोगाची शंका आधीच फेडून घेणं जास्त गरजेचं. माझ्या भावाची पीएसए ही प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासणारी रक्ताची चाचणी न करताच त्याला तारीख देऊ केली होती.

आणि काहींच्या बाबतीत हे हलके पर्याय पुरे पडत नाहीत, हेही त्यांना तोंडावर सांगा. मूत्रपिंडावर ताण आलाय, मूत्राशयात खडे झालेत, लघवी पुन्हा पुन्हा तुंबते, रक्त थांबत नाही, अशा वेळी बहुतेकदा अडथळा पुरता काढावाच लागतो. उलट मूत्राशयच थकलेलं असेल तर वाट कितीही रुंद करा, धार येणार नाही.

गोळ्यांबद्दल दोनच ओळी. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेणाऱ्याचा पीएसए सहा महिने-वर्षभरात निम्म्यावर येतो. हे ठाऊक नसलेला दुसरा डॉक्टर तो आकडा पाहून निर्धास्त होतो. टॅमसुलोसिन घेणाऱ्याने मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना तसं सांगायचं असतं, कारण बुबुळ ऐनवेळी सैल पडतं. माझ्या चिठ्ठीवर फक्त 'रात्री १' असं लिहिलं होतं.

मागण्या अशा:

१. पहिल्याच भेटीत आठही प्रश्नांचा कागद रुग्णाच्या भाषेत भरून घ्यावा, गुण फाइलवर लिहावेत. आठव्याचं उत्तर तोंडी विचारावं.

२. धारेचा वेग आणि आत उरलेली लघवी मोजल्याशिवाय कोणत्याही प्रक्रियेची तारीख देऊ नये.

३. रुग्णाला लागू पडणारे सगळे पर्याय, तुम्ही स्वतः करत नसलेलेही, एका पानावर लिहून द्यावेत. प्रत्येकासमोर चार रकाने: भूल कोणती, नळी किती दिवस, स्खलनाचं काय, पाच वर्षांत पुन्हा उपचार लागण्याची शक्यता किती. आकडा माहीत नसेल तर रकाना कोरा ठेवा, पण ठेवा.

४. संमतीपत्र निदान दोन दिवस आधी घरी न्यायला द्यावं. जोडीदाराला वाचू द्यावं. 'रेट्रोग्रेड इजॅक्युलेशन' या शब्दांऐवजी 'वीर्य बाहेर येणार नाही' असं लिहावं.

५. स्वतः करत नसलेला उपचार रुग्णाने निवडला, तर तो करणाऱ्याकडे चिठ्ठी देऊन पाठवावं, तोंड वाकडं न करता.

६. संघटनांनी आपल्या सभासदांच्या जाहिराती तपासाव्यात. पुन्हा उपचार लागण्याचं प्रमाण न छापता फक्त 'त्याच दिवशी घरी' छापणारी जाहिरात परत घ्यायला लावावी.

तुमच्याकडे वेळ नसतो, हे मला मान्य आहे. बाहेर रांग असते. मीही साठ-साठ मुलांच्या वर्गात शिकवलं आहे, प्रत्येकाला पाच मिनिटं देणं जमत नाही हे जाणतो. म्हणूनच छापील कागद मागतोय, वेळ मागत नाही.

पुढच्या मंगळवारी भावाची अपॉइंटमेंट आहे, तिसऱ्या डॉक्टरांकडे. आठ प्रश्नांचा कागद आम्ही घरीच भरलाय: गुण सतरा, आठव्याचं उत्तर 'त्रासलोय'. खाली त्याने स्वतःच्या हाताने नववा प्रश्न लिहिला आहे, स्खलनाचा. डॉक्टरांसमोर वाचायला लाज वाटेल म्हणतो. मी सोबत जाणार आहे. त्याला नाही जमलं तर मी वाचीन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक